ओढ्याकाठी ट्रेल कॅमेरा: ओलं जनावर त्याला का सापडत नाही

ओढ्याकाठी ट्रेल कॅमेरा लावणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हे येतंच. समोरच्या चिखलात पाणमांजराचे ताजे ठसे, दगडावर ताजी विष्ठा, आणि कार्डात मात्र हलणाऱ्या गवताचे शेकडो फोटो. कॅमेरा बिघडलाय असं वाटतं. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. त्याला जे कळतं तेच तो टिपतो, आणि पाण्यातून नुकतंच वर आलेलं जनावर त्याला नीट कळत नाही. हे का होतं ते एकदा लक्षात आलं की कॅमेरा कुठे बांधायचा हा प्रश्न निम्मा सुटतो.

ट्रेल कॅमेरा म्हणजे झाडाला पट्ट्याने बांधायची, पाणी आत न शिरणारी डबी. आत साधा डिजिटल कॅमेरा, रात्रीसाठी इन्फ्रारेड दिवे, सेल, मेमरी कार्ड आणि या सगळ्यांना जागं करणारा एक सेन्सर. विकत घेताना चर्चा मेगापिक्सेलची होते. खोक्यावरचा तो मोठा आकडा बऱ्याचदा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. आतली खरी चिप त्यापेक्षा कितीतरी कमी पिक्सेलची असते. ते एक वेळ चालेल. पण फोटो मुळात निघणार की नाही हे सेन्सर ठरवतो, आणि त्याच्याबद्दल फार कोणी विचारत नाही.

सेन्सर नेमकं काय पाहतो

या सेन्सरला पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) म्हणतात. तो स्वतः कसलाही किरण सोडत नाही, समोरून येणारी उष्णता फक्त जोखत बसतो. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार इन्फ्रारेड किरण सोडत असते. दगड, पाणी, झाड, जनावर, सगळेच. रोजच्या तापमानाच्या वस्तूंमधून निघणारे हे किरण साधारण ८ ते १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) तरंगलांबीच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त असतात आणि सेन्सर तेवढाच पट्टा बघतो.

आत एक खास स्फटिक असतो. त्याचं तापमान बदललं की त्याच्यावर किंचित विद्युतभार तयार होतो. 'बदललं की' हे महत्त्वाचं. समोर कितीही गरम वस्तू असली आणि ती तशीच राहिली, तर सेन्सर गप्प. शिवाय या स्फटिकाचे दोन भाग एकमेकांना उलटे जोडलेले असतात. ढग बाजूला होऊन सगळं दृश्य एकदम तापलं, तर दोन्ही भागांचे संदेश एकमेकांना खोडून टाकतात. एक भाग आधी तापला आणि दुसरा नंतर, तरच काहीतरी सरकतंय असं सेन्सर मानतो. त्याच्यापुढे जे पांढुरकं, रेघा असलेलं प्लास्टिकचं भिंग असतं, ते समोरच्या दृश्याचे बरेच पट्टे पाडतं. जनावर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की ठिणगी पडते आणि कॅमेरा जागा होतो.

म्हणजे दोन अटी झाल्या. जनावराचं तापमान मागच्या दृश्यापेक्षा वेगळं हवं आणि त्याने पट्टे ओलांडायला हवेत. आडवं चालणारं जनावर पट्टे भराभर ओलांडतं, म्हणून पटकन पकडलं जातं. तेच जनावर कॅमेऱ्याकडे सरळ चालत आलं तर एकाच पट्ट्यात हळूहळू मोठं होत जातं, आणि सेन्सरला फार उशिरा जाग येते. नाक भिंगाला टेकलेले जे फोटो मिळतात, त्यांतले बरेचसे असेच निघालेले असतात.

इथे शरीराचं तापमान म्हणजे आतलं ३८ अंश नव्हे. सेन्सरला दिसतो तो केसांचा बाहेरचा थर. दाट केसांचं जनावर थंडीत बाहेरून चांगलंच गार असतं, कारण उष्णता बाहेर जाऊ नये हेच तर त्या केसांचं काम. उन्हाळ्याच्या भर दुपारी उलट अडचण. दगड-माती तापून केसांच्या तापमानाला येऊन टेकतात आणि समोरून हरीण गेलं तरी सेन्सरला फरक जाणवत नाही. दुपारचे फोटो कमी येतात तेव्हा जनावरं सावलीला बसलेली असतात हे खरंच, पण या फरकाचाही त्यात हात असतो.

पाणी इथेच घोळ घालतं

आता पाणमांजर घ्या. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतल्या बारीक, दाट लोकरीत हवा अडकून राहते, त्यामुळे पाण्यात तासभर पोहूनही कातडी कोरडीच असते. बाहेरचा लांब केसांचा थर मात्र चिंब. पाण्यातून वर येताना हा बाहेरचा थर जवळपास पाण्याच्याच तापमानाला असतो. मागे पाणी, पुढे पाण्याइतकंच गार जनावर. सेन्सरच्या लेखी तिथे कोणी आलेलंच नाही.

तीन फोटोंची अशी एक मालिका डोळ्यांपुढे आणा. पहिल्या फोटोत दगड, त्यावर ओला डाग, आणि चौकटीच्या उजव्या कडेला शेपटीचं जाड टोक. दुसऱ्यात नुसता ओला दगड. तिसऱ्यातही तोच. नवखा माणूस म्हणतो, कॅमेरा मंद आहे. खरं तर जनावर दगडावर चढलं, दोन पावलं चाललं, थांबलं, त्याने अंग झटकलं आणि ते वळून निघालं. अंग झटकल्यावर आणि तोंड कॅमेऱ्याकडे वळल्यावर, डोळ्यांभोवतालच्या उबदार भागामुळे, कुठे सेन्सरला पुरेसा फरक मिळाला. तोवर निम्मा कार्यक्रम उरकला होता. 'ट्रिगरचा वेग ०.२ सेकंद' हा खोक्यावरचा आकडा सेन्सरला जाग आल्यानंतरचा असतो. जाग यायलाच जो वेळ लागतो तो त्यात धरलेला नसतो.

पोहणाऱ्या जनावराचं तर फक्त डोकं वर असतं. बदकांची पिसं उष्णता बाहेर सोडत नाहीत. खंड्या इतका छोटा आणि चपळ की सेन्सर जागा होईपर्यंत तो मासा घेऊन गेलेलाही असतो. बेडूक, साप, कासव यांचं अंग भोवतालच्याच तापमानाचं, त्यामुळे ते पीआयआरला जवळपास अदृश्य. मासे तर विसराच. उष्णतेच्या या किरणांसाठी पाणी भिंतीसारखं अपारदर्शक आहे. बोटभर पाण्याखाली काय चाललंय तेही सेन्सरला कळत नाही.

हाच गुण कॅमेऱ्याच्या अंगावर उलटतो. सेन्सरच्या भिंगावर पावसाचे थेंब किंवा धुक्याचा थर साचला की तोही किरण अडवतो. काचेचंही तेच. पावसापासून वाचावा म्हणून कोणी कॅमेरा काचेच्या पेटीत ठेवला तर फोटो काढणाऱ्या भिंगाला काच चालते, पण सेन्सर आंधळा होतो. त्याचं भिंग प्लास्टिकचं असतं ते फक्त स्वस्त पडतं म्हणून नव्हे. पेटी करायचीच तर सेन्सरपुढची जागा मोकळी सोडा आणि वरून छज्जा काढा.

जनावर नसताना निघणारे फोटो हा दुसरा ताप. वाहतं पाणी सगळीकडे सारख्याच तापमानाचं असतं, त्यामुळे नुसत्या वाहण्याने सेन्सर फारसा चाळवत नाही. पण तिरप्या कोनातून पाहिलं तर लाटांच्या पृष्ठभागावरून कधी गार आकाश तर कधी तापलेला काठ परावर्तित होतो, आणि ते हेलकावे सेन्सरला हालचाल वाटतात. त्यात पानांमधून येणारे, पाण्यावर नाचणारे उन्हाचे कवडसे आणि तापून वाऱ्याने डुलणारं गवत यांची भर. कार्ड भरतं, सेल संपतात, आणि ज्या रात्री खरोखर कोणी येतं त्या रात्री कॅमेरा मेलेला असतो.

मग बांधायचा कुठे

माझं ठाम मत असं, की कॅमेरा पाण्याकडे रोखू नये. पाण्याकडे येणाऱ्या वाटेकडे रोखावा. पाण्यावर येणारं जनावर येताना कोरडं असतं, मागे माती किंवा झुडपं असतात, चाल ठरलेली असते. हाच सेन्सरला मानवणारा क्षण. पाणी चौकटीत हवंच असेल, आणि फोटो देखणा व्हायला ते हवंच असतं, तर एका कोपऱ्यात तिरपं येऊ द्या. सेन्सरचे पट्टे चौकटीच्या मधोमध असतात, तिथे कोरडी जमीन राहील असं बघा.

जागा शोधायला काठाने सावकाश चालणं याला पर्याय नाही. उंच कड्यांमध्ये जिथे काठ खचून उतार झालाय, तिथून सगळेच उतरतात. दोन ओहोळ मिळतात ती जागा, पुलाखालची कोरडी कड, पाण्यावर आडवं पडलेलं खोड, उथळ पाण्यातले मोठे दगड, आणि दोन डोहांमधला लांब वळसा टाळण्यासाठी जनावरांनी गवतातून पाडलेली आडवाट. ही शेवटची जागा मला सगळ्यात आवडते, कारण पोहणारं जनावरही तिथे जमिनीवर येतं आणि चालता चालता थोडं निथळतं. आडवं पडलेलं खोड हाही हुकमी एक्का. कोल्हा, मुंगूस, रानमांजर, कोणालाच उगाच पाय भिजवायचे नसतात. खोड आडवं असल्याने त्यावरून जाणारं जनावर पट्टेही आडवेच ओलांडतं.

पाणमांजरांची विष्ठेची ठरलेली ठिकाणं असतात. उठून दिसणारे दगड, काठावरचे उंचवटे, संगम. माशांचे काटे, खवले, खेकड्यांच्या कवचाचे तुकडे दिसले की ओळखावं. तिथे ती वास घेत काही सेकंद तरी थांबतात, आणि उशिरा जागा होणाऱ्या सेन्सरला ते काही सेकंद पुरतात. मात्र ती जिथे राहतात, पिल्लं वाढवतात, त्या बिळाच्या तोंडाशी कॅमेरा लावू नये. बऱ्याच देशांत तो कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो, आणि नसला तरी त्रस्त झालेली मादी पिल्लांना उचलून दुसरीकडे हलवू शकते.

उंची जनावराच्या छातीइतकी ठेवावी. पाणमांजर, मुंगूस यांच्यासाठी जमिनीपासून वीतभर ते दीड वीत, हरणासाठी कमरेच्या आसपास. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधून खाली झुकवलेल्या कॅमेऱ्यातून पाठी दिसतात, चेहरे नाहीत. अंतर दोन ते चार मीटर. त्याहून जवळचं धूसर येतं, कारण या कॅमेऱ्यांचा फोकस कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. अगदी छोट्या प्राण्यांसाठी काही जण भिंगावर वाचनाच्या चष्म्याची काच बसवून फोकस जवळ आणतात. युक्ती जुगाडू आहे, पण चालते. फक्त ती काच सेन्सरवर येऊ देऊ नका. कारण वर आलंच आहे.

वाटेला कॅमेरा नेमका काटकोनात ठेवला तर सेन्सर खूश, पण जनावर चौकटीतून क्षणात बाहेर. वाटेच्या दिशेने रोखला तर जनावर जास्त वेळ दिसतं, पण जाग उशिरा. साधारण ४५ अंशांचा कोन ही तडजोड. सूर्य चौकटीत येऊ नये म्हणून उत्तर गोलार्धात कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे असलेलं बरं. ओढा कसाही वळतो, त्यामुळे ते नेहमी जमत नाही. निदान पूर्व-पश्चिम टाळा.

पुराचं काय? ओढ्याचं आजचं पाणी पाहून उंची ठरवू नका. काठावरच्या झुडपांत, फांद्यांच्या बेचक्यांत अडकलेला काडीकचरा शोधा. पाणी कुठवर चढून गेलंय ते तो कचरा सांगतो, आणि ती रेघ बऱ्याचदा डोक्याच्याही वर निघते. कॅमेरा वीतभर उंचीवर हवा आणि पुराची रेघ डोक्यावर, हा पेच खरा आहे. त्यावर दोनच उपाय: पावसाचा अंदाज पाहून कोरड्या दिवसांतच तो लावणं, किंवा काठाची चढण वापरणं, म्हणजे वरच्या बाजूच्या झाडावर बांधून उतरणीच्या वाटेकडे रोखणं. बांधायचा तर मुळं उघडी न पडलेल्या झाडाला. कॅमेरा टिकला पण झाडच वाहून गेलं, असंही होतं.

रात्रीचा उजेड

रात्रीचे इन्फ्रारेड दिवे सेन्सरपेक्षा अगदी वेगळ्या किरणांचे असतात. यांची तरंगलांबी ८५० किंवा ९४० नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनहूनही कमी. ८५०चे दिवे पेटले की मंद लाल ठिपके दिसतात, माणसाला आणि बऱ्याच जनावरांनाही. ९४०चे दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याची चिप त्या किरणांना कमी दाद देते, त्यामुळे पल्ला घटतो आणि फोटो जास्त दाणेदार येतो. ओढ्याकाठी अंतरं कमीच असतात, म्हणून मी ९४० निवडेन. माणसांच्या नजरेतून कॅमेरा वाचतो हाही फायदा. जनावराला कॅमेऱ्याचा पत्ताच लागत नाही असं मात्र समजू नका. आतल्या यंत्राची बारीक खरखर ऐकून, किंवा पट्ट्याला लागलेला हाताचा वास घेऊन, ती थेट भिंगात बघतात.

या उजेडात संथ पाणी काळंभोर दिसतं, कारण त्यावर पडलेला उजेड आरशासारखा पलीकडे निघून जातो आणि कॅमेऱ्याकडे परतत नाही. काठावरचा ओला दगड मात्र कधीकधी चमकून अख्खा फोटो बिघडवतो. जवळची एखादी फांदी किंवा गवताचं पातंही पांढरंफेक होऊन मागचं सगळं काळोखात ढकलतं. बांधतानाच समोरचं दोन-चार पाती गवत हाताने बाजूला करावं. कात्री घेऊन मैदान करू नये, वाट बदलली तर जनावरं बिचकतात. प्राणी फार जवळून जात असतील तर काही दिव्यांवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावून उजेड कमी करता येतो. रात्री शटर बराच वेळ उघडं राहतं, त्यामुळे धावणारं जनावर फरकाटलेलं येतं. तिथे व्हिडिओ बरा.

उष्णतेवर न विसंबता

सेन्सर येण्याआधी ही अडचणच नव्हती. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशिगनमधल्या व्हाइटफिश तळ्यावर रात्री होडीतून जनावरांचे फोटो काढायला सुरुवात केली. पुढे त्यांनी वाटेत दोरी ताणून ती कॅमेऱ्याला आणि फ्लॅशच्या दारूला जोडली. जनावर दोरीला अडलं की फोटो निघे, मग ते ओलं असो वा कोरडं. जुलै १९०६च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या अंकात त्यांचे ७४ फोटो छापून आले. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात अशाच युक्तीने वाघांचे रात्रीचे फोटो मिळवले.

त्या दोरीची आजची आवृत्ती म्हणजे किरणाचा अडसर. एका बाजूला इन्फ्रारेड किरण सोडणारी डबी, समोर तो पकडणारी डबी, आणि मधून कोणीही गेलं की किरण तुटून शेजारचा मोठा कॅमेरा चालतो. ओल्या पाणमांजराला हाच उत्तम. पण खर्च, जुळवाजुळव, आणि मधे पडणारं प्रत्येक पान फोटो काढणार, ही त्याची किंमत.

साध्या ट्रेल कॅमेऱ्यात यापेक्षा सोपा मार्ग आहे आणि बरेच जण तो वापरतच नाहीत: टाइमलॅप्स. सेन्सर बाजूला ठेवून ठराविक अंतराने फोटो काढत राहायचं. दगडावर ऊन खाणारं कासव, तासन्‌तास एका पायावर उभा बगळा, दिवसभरात चढणारं-उतरणारं पाणी, हे सगळं यातच सापडतं. हिशोब मात्र आधी करा. मिनिटाला एक फोटो, रोज १२ तास, म्हणजे ७२० फोटो. एकेक ३ एमबीचा धरला तर रोजचे दोन जीबीहून जास्त. पहाटेचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास ठेवले तर ओझं तिसऱ्या हिश्श्यावर येतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत टाइमलॅप्स आणि सेन्सर दोन्ही एकत्र चालू ठेवता येतात. ओढ्याकाठी मी तसंच सुचवेन.

सेन्सरवरच चालवायचं असेल तर एका वेळी तीन फोटोंची सर किंवा १५-२० सेकंदांचा व्हिडिओ, आणि दोन खेपांमधली विश्रांती शक्य तितकी कमी. पाणमांजरं बऱ्याचदा एकामागे एक येतात. सेल लिथियमचे घ्यावेत. अल्कलाइन सेलचा विद्युतदाब हळूहळू उतरत जातो आणि सगळ्यात आधी रात्रीचे दिवे मंदावतात. दिवसाचे फोटो झकास येत असल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. ओढ्याकाठची हवा दमट, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी टाका, आणि झाकणाच्या रबरावर वाळूचा कण राहिला नाही ना हे बोट फिरवून बघा. पाणी आत शिरतं ते बहुधा तिथूनच.

निघण्याआधी चाचणी घ्या. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यासाठी वेगळी सोय असते, हालचाल कळली की दिवा लुकलुकतो. पण उभ्याने चालून उपयोग नाही. ज्या उंचीचं जनावर हवंय त्या उंचीवर, म्हणजे पाणमांजरासाठी चक्क रांगत जावं लागतं. जमल्यास हात ओढ्यात भिजवून तोच समोरून आडवा फिरवा आणि मग कोरडा फिरवा. दिवा किती उशिरा लागतो यातला फरक तिथेच दिसेल.

फोटो मोजताना सावध. एकाच कोल्ह्याने समोर बसून खाजवलं तर चाळीस फोटो होतात, कोल्हा एकच. म्हणून अभ्यासक बहुधा अर्ध्या तासातले एकाच जातीचे सगळे फोटो मिळून एक भेट धरतात. आणि ओल्या-कोरड्याचा फरक इथेही लागू होतो: पाणमांजराच्या तीन भेटी आणि रानडुकराच्या तीस, यावरून रानडुकरं दहापट आहेत असं म्हणता येत नाही, कारण दोघांना पकडायची सेन्सरची ताकदच सारखी नाही.

जागेच्या मालकाची परवानगी, संरक्षित क्षेत्र असेल तर वनखात्याची, हे आधीच झालेलं असावं. वाटेवरून माणसंही जातात. त्यांचे फोटो पुसून टाकावेत, कुठे टाकू नयेत. पाणमांजरांची कातड्यासाठी आजही शिकार होते, म्हणून फोटो दाखवताना ठिकाण सांगू नका, फाइलमधली जागेची नोंद काढून टाका, आणि मागे ओळखू येणारा पूल किंवा बांध दिसत असेल तर तेवढा भाग कापा.